सगळ्या अंगाची आग: एरिथ्रोडर्मा म्हणजे नेमकं काय होतं?

१९८६च्या नोव्हेंबरात बीबीसी वनवर ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ ही सहा भागांची मालिका सुरू झाली. इथल्या साठीच्या पुढच्या एखाद्या शेजाऱ्याला विचारून पाहा, बहुतेक आठवत असेल. नायक रहस्यकथा लिहिणारा लेखक, पण तो जवळजवळ सगळी मालिका हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पडून असतो. डोक्यापासून पायापर्यंत कातडी लालभडक, सोललेली, पापुद्र्यांनी भरलेली. सांधे आखडलेले. ताप चढला की त्याला भास होतात आणि त्या भासांमधूनच गोष्ट पुढे सरकते. ही भूमिका मायकेल गॅम्बनने केली होती. लेखक होता डेनिस पॉटर, आणि आजाराच्या वर्णनासाठी त्याला कल्पनाशक्ती ताणावी लागली नव्हती. त्याला स्वतःला विशीतच सोरायसिस आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या संधिवाताने गाठलं होतं. बोटं इतकी वाकडी झाली होती की पेन मुठीत धरून लिहावं लागे.

सोरायसिस आपल्याला नवा नाही. कोपरावर, गुडघ्यावर, केसांच्या कडेला पांढरट खवल्यांचे चट्टे असलेले एखादे काका किंवा मावशी बहुतेक कुटुंबांत सापडतात. त्रासदायक, कटकटीचा, पण जिवावर न बेतणारा आजार अशीच त्याची ओळख असते. मग गॅम्बनच्या अंगावर दाखवलं ते काय होतं? आणि ते तुमच्या घरात झालं तर तुम्हाला ओळखू येईल का? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असं आहे. का ते पुढे सांगतो.

त्वचेचा दाह जेव्हा जवळजवळ सगळ्या अंगावर पसरतो, तेव्हा त्या अवस्थेला एरिथ्रोडर्मा म्हणतात. ग्रीकमध्ये एरिथ्रोस म्हणजे लाल आणि डर्मा म्हणजे कातडी. जुन्या पुस्तकांत ‘एक्सफोलिएटिव्ह डर्मटायटिस’, म्हणजे पापुद्रे सुटणारा त्वचादाह, असंही नाव सापडतं. डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा अशी, की शरीराच्या पृष्ठभागाचा ९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग व्यापलेला हवा. हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का. असे नव्वद तळहात. पण घरात कुणी नव्वदपर्यंत मोजत बसायची गरज नाही. ‘चांगली जागा कुठे उरली आहे?’ असं विचारावं लागायला लागलं, की समजायचं.

म्हणजे हे एका रोगाचं नाव नव्हे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसाच एरिथ्रोडर्मा अनेक कारणांनी होतो. कारण शोधेपर्यंत मात्र शरीर थांबत नाही.

व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८६८ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लंडनच्या इरॅस्मस विल्सन यांनी. हे विल्सन मोठे वल्ली गृहस्थ. त्वचारोगांवर नाव आणि पैसा कमावला, इंग्रजांनी रोज अंघोळ करावी म्हणून पुस्तकं लिहिली, आणि साठवलेल्या पैशांतले सुमारे दहा हजार पौंड इजिप्तमधला एक दगडी स्तंभ लंडनला आणण्यावर खर्च केले. थेम्सच्या काठी एम्बँकमेंटला जी ‘क्लिओपात्राज नीडल’ उभी आहे ती हीच, १८७८ पासून. पुढच्या वेळी पाहुण्यांना लंडन दाखवताना तिथून गेलात तर सांगा, हा खांब एका कातडीच्या डॉक्टरने आणला.

त्वचा नावाचं इंद्रिय

हृदय बंद पडतं, किडनी निकामी होते, हे आपण सहज म्हणतो. ‘त्वचा निकामी झाली’ असं कुणी म्हणत नाही. त्वचा म्हणजे आपल्या डोक्यात वेष्टन असतं, आतला माल महत्त्वाचा. एरिथ्रोडर्मामध्ये हे वेष्टन काय काय कामं करत होतं ते एकेक करून कळतं, घरातली बाई आठवडाभर माहेरी गेल्यावर कळतं तसं.

पहिलं काम उष्णतेचं. थंडीत त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, उष्णता आत राहते. उन्हाळ्यात त्या रुंदावतात. दाह झालेल्या त्वचेत त्या सतत रुंदावलेल्या राहतात, बाहेर कितीही गारठा असो. म्हणजे जानेवारीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून हीटिंग चालू ठेवल्यासारखं. भरीला वरचा जलरोधक थर फाटलेला असतो, त्यामुळे अंगातलं पाणी न दिसता उडून जातं. एक लिटर पाणी त्वचेवरून उडताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणून हा रुग्ण थरथर कापतो, आणि गंमत अशी की त्याच वेळी त्याच्या अंगाला हात लावला तर ते गरम लागतं. घरचे म्हणतात, ताप आहे, पांघरूण काढा. खरं तर त्याच्या शरीराच्या आतलं तापमान उतरत असू शकतं. उलटही होतं: घामाच्या नळ्या पापुद्र्यांनी बुजलेल्या असतात, त्यामुळे खोली फार तापली तर उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि खरोखरच ताप चढतो. थोडक्यात, थर्मोस्टॅट बिघडतो.

दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही, ते हृदयाशी जोडलेलं. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तातला साधारण पाच-दहा टक्के भाग त्वचेकडे जातो. सगळ्या अंगाची त्वचा पेटली की हा वाटा कितीतरी पट वाढतो. इतर अवयवांनाही रक्त हवंच असतं, मग हृदय जास्त जोराने, जास्त वेगाने पंप करत राहतं. तरण्याताठ्या माणसाला हे झेपतं. सत्तरीच्या, आधीच ब्लडप्रेशर असलेल्या माणसाचं हृदय काही दिवसांत थकतं, पायांवर सूज येते, दम लागतो. कातडीच्या रोगाने हार्ट फेल्युअर होऊ शकतं हे ठामपणे दाखवणाऱ्यांत सॅम शुस्टर हे नाव महत्त्वाचं. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिथ्रोडर्माच्या रुग्णांचं रक्ताभिसरण, चयापचय आणि तापमान अक्षरशः मोजून काढलं. पुढे न्यूकासलला त्यांनी जॅनेट मार्क्स यांच्याबरोबर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली: त्वचा फार मोठ्या प्रमाणावर बिघडली की आतडंही अन्न नीट शोषत नाही, आणि त्वचा बरी झाली की आतडं आपोआप सुधारतं. आपल्याकडे ‘पोट बिघडलं म्हणून कातडी बिघडली’ असं हमखास म्हणतात. इथे उलटा प्रवास आहे.

तिसरं, प्रथिनं. निरोगी माणसाच्या अंगावरून रोज अर्धा ते एक ग्रॅम मृत त्वचा गळते, आपल्याला कळतही नाही. एरिथ्रोडर्मामध्ये रोज २० ते ३० ग्रॅम गळू शकते. सकाळी चादर झटकली तर खाली पांढऱ्या भुश्याचा ढीग पडतो, व्हॅक्युम क्लीनर दिवसातून दोनदा फिरवावा लागतो. हा भुसा म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिन म्हणजे तीन-चार वाट्या शिजलेलं वरण. तेवढं रोज चादरीवर सांडतं, आणि त्यात सुजेतून पाझरणारं वेगळं. रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, सूज आणखी वाढते.

आणि नेमक्या याच वेळी आपल्या घरांत पथ्य सुरू होतं! कातडीचं काही झालं की वांगं बंद, अंडं बंद, दही बंद, डाळ ‘उष्ण’ म्हणून बंद, फक्त मऊ भात आणि तूप. प्रेमाने केलेलं असतं, म्हणून बोलताना जड जातं, पण या रुग्णाला हे पथ्य उपासमारीकडे नेतं. त्याला नेहमीपेक्षा जास्त डाळ, दूध, पनीर, अंडी, खात असेल तर मासे-चिकन लागतं. एखाद्या पदार्थाची खरीच ॲलर्जी असेल तर तेवढा वगळायचा, बाकी ताट भरलेलं हवं.

चौथं काम राखणदाराचं. फुटलेल्या, भेगाळलेल्या त्वचेतून जंतू सरळ आत शिरतात, विशेषतः स्टॅफिलोकॉकस. या रुग्णांचा मृत्यू ओढवतो तो बहुतेक वेळा रक्तात पसरलेल्या संसर्गाने, न्यूमोनियाने किंवा थकलेल्या हृदयाने. शिवाय बिघडलेली त्वचा बाहेरून लावलेलं जास्त शोषते. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम एका चट्ट्यावर निरुपद्रवी असतं, तेच अशा अंगभर चोपडलं तर रक्तात इतकं जातं की विषबाधा होऊ शकते. हळदीचा लेप, कडुलिंबाचा काढा, मोहरीचं तेल यांचे प्रयोग या वेळी नकोत. साधं व्हॅसलिन चालेल.

हे होतं कशामुळे?

निम्म्याहून जास्त रुग्णांना आधीपासूनच एखादा त्वचारोग असतो आणि तोच भडकतो. यात सोरायसिस आणि इसब, म्हणजे एक्झिमा, ही दोन मुख्य. एकदा सगळं अंग व्यापलं की मूळ रोगाच्या खुणा पुसल्या जातात. सोरायसिसचे ते चंदेरी खवलेसुद्धा दिसत नाहीत, सगळीकडे सारखाच भुसा. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात: पहिला चट्टा कुठे उठला होता? घरात कुणाला सोरायसिस आहे का? नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते का? तुम्हाला वाटतं, वेळ घालवतायत. नाही. बायॉप्सीतूनही पहिल्या फटक्यात बऱ्याचदा नक्की उत्तर मिळत नाही, त्यामुळे या प्रश्नांवरच भिस्त असते.

दुसरा मोठा गट औषधांचा. फिट्सवरची कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन, गाऊटसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फा गटाची औषधं, टीबीची काही औषधं ही नेहमीची नावं. यातल्या काही प्रतिक्रिया औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी उमटतात, म्हणून ‘ती गोळी तर महिनाभर चाललीय, तिचा काय संबंध?’ हा युक्तिवाद टिकत नाही. अंगभर पुरळाबरोबर ताप आणि चेहऱ्यावर सूज असेल तर यकृतालाही धक्का पोचलेला असू शकतो.

तिसरं कारण दुर्मिळ पण विसरून चालत नाही: त्वचेतल्या टी पेशींचा लिम्फोमा. त्याचा एक प्रकार फ्रेंच डॉक्टर आल्बेर सेझारी यांच्या नावाने ओळखला जातो. यात खाज असह्य असते, तळहात-तळपाय जाड होऊन चिरतात, आणि वर्ष-वर्ष ‘एक्झिमा’ म्हणून उपचार होत राहतात. उतारवयात पहिल्यांदाच अंगभर ‘एक्झिमा’ झाला आणि हटेना, तर रक्ताची आणि पुन्हा बायॉप्सीची मागणी करायला लाजू नका. मात्र काखेत-जांघेत गाठी लागल्या की लगेच कॅन्सर, असंही नाही. नुसत्या दाहानेही लिम्फ ग्रंथी फुगतात.

उरलेल्यांत खरूज. होय, तीच आपली खरूज, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा वृद्धाश्रमातल्या माणसाला होणारा तिचा खपल्यांचा प्रकार. नेहमीच्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, यात हजारो-लाखो, आणि खाज कधीकधी आश्चर्यकारकरीत्या कमी. केअर होममध्ये काम करणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. काही रुग्णांत सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही.

आता यापैकी एक कारण मी मुद्दाम मागे ठेवलं आहे, कारण ते आपल्या बॅगेतून येतं.

आबांची पुडी

समजा तुम्ही स्लाऊला किंवा रेडिंगला राहता. साताऱ्याहून तुमचे सासरे, आबा, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांना वीस वर्षांचा सोरायसिस, पण गेली दोन वर्षं ‘एका वैद्यांच्या पुडीने’ अगदी आटोक्यात. पुड्या दीड महिन्याच्या आणल्या होत्या, त्या नोव्हेंबरात संपल्या. दोन आठवड्यांनी आबांच्या पाठीवर, पोटावर चट्टे जोडले जायला लागले. तुम्ही म्हणालात, इथली थंडी, सेंट्रल हीटिंगची कोरडी हवा. बूट्समधून मोठी बाटली मॉइश्चरायझर आणलं. आबा रेडिएटरला टेकून बसू लागले, दोन स्वेटर घालूनही हुडहुडी. पाय सुजले. आबा म्हणतात, ‘अरे, कशाला डॉक्टर, कातडीचं तर आहे.’

आबा काल्पनिक आहेत, पण पुडी नाही. झटपट गुण देणाऱ्या निनावी पुड्यांत आणि मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं ही जुनी गोष्ट आहे, आणि फक्त भारतातली नाही. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी त्वचारोगासाठी दिली जाणारी ११ चिनी वनौषधी क्रीम तपासली, तेव्हा ८ क्रीममध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे, दमेकऱ्यांचा जीव वाचवतं. पण सोरायसिसच्या माणसाला ते पोटातून बराच काळ मिळत राहिलं आणि एकदम थांबलं, तर दबलेला रोग उसळून सगळ्या अंगावर येऊ शकतो, कधी पुवाने भरलेल्या बारीक फोडांसह. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची सवयही मोडलेली असते, त्यामुळे अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं हा वेगळाच धोका. म्हणून ‘त्यात स्टेरॉइड असेल’ असं वाचून आजच्या आज पुडी बंद करू नका. डॉक्टरला दाखवा, तो टप्प्याटप्प्याने सोडवेल.

मलमांचंही तेच. गजकर्णासाठी म्हणून आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांत क्लोबेटासोलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. भारत सरकारने २०१८ मध्ये अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीतून बाहेर काढलं, तरी सुट्टीहून परतताना आपल्यापैकी कित्येकांच्या सामानात दोन-चार ट्यूबा असतातच. (माझ्याही बॅगेत होत्या, लपवत नाही.) इथल्या औषध नियामक संस्थेनेही, एमएचआरएने, स्टेरॉइड मलम दीर्घकाळ वापरून बंद केल्यावर येणाऱ्या प्रतिक्रियांबद्दल २०२१ मध्ये डॉक्टरांना सावध केलं.

लाली लाल दिसत नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आबांच्या घरच्यांना ओळखू का आलं नाही? कारण ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल, आणि आबा लाल झालेच नव्हते.

गॅम्बनच्या गोऱ्या अंगावर लाली किंचाळत होती. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत तोच दाह गडद तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतो. वर भुसा असेल तर सगळं अंग राख फासल्यासारखं. ‘थंडीने काळवंडले’ असं म्हणून आपण पुढे जातो. आणि फक्त आपणच नाही. वैद्यकीय पुस्तकांतले बहुतेक फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या त्वचेचे होते. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणारा मलोन मुक्वेंडे नावाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिक्षकांना विचारत राहिला, हे माझ्यासारख्या त्वचेवर कसं दिसेल? त्यातून २०२० मध्ये त्याने दोन शिक्षकांबरोबर ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली, सावळ्या-काळ्या त्वचेवर लक्षणं कशी दिसतात त्यासाठी. ती इंटरनेटवर मोफत आहे.

तेव्हा रंगावर विसंबू नका, हाताने पाहा. हाताच्या मागच्या बाजूने पाठ, पोट, मांडी चाचपा: सगळीकडे सारखी ऊब, जाडसरपणा, ताठरपणा जाणवतो का? दिवसा खिडकीशी उभं करून पाहा, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली नव्हे. विमानतळावर आल्या दिवशीचा फोटो फोनमध्ये असतो, तो शेजारी धरा. खालची पापणी बाहेर उलटल्यासारखी होऊन डोळ्यांतून पाणी येतं का, केस विरळ झालेत का, तळवे जाड झालेत का, नखं उचलली जातायत का? नाक आणि त्याच्या आजूबाजूचा भाग कधीकधी वाचलेला असतो, तेव्हा ‘चेहरा तर ठीक आहे’ म्हणून फसू नका. मधेमधे बेटांसारखी निरोगी त्वचा आणि तळव्यांना नारिंगी-पिवळट छटा असेल तर पिटिरायसिस रुब्रा पिलॅरिस नावाचा निराळाच आजार असू शकतो. फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना उपयोगी पडतो.

अंगभर असा बदल आणि त्याबरोबर हुडहुडी, पायांवर सूज, धाप, गुंगी किंवा ताप यांपैकी काहीही असलं तर जीपीच्या अपॉइंटमेंटची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी ए अँड ई. रात्र असेल, कळत नसेल तर १११. कातडीवर फोड येऊन ती ओल्या कागदासारखी सुटतेय, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा आहेत, तर सरळ ९९९. तो एरिथ्रोडर्माहूनही वेगाने जाणारा प्रकार असू शकतो. आणि फोनवर ‘ड्राय स्किन’ किंवा ‘रॅश’ एवढंच म्हणू नका, नाहीतर फार्मसीत पाठवतील. सगळं अंग व्यापलंय, कापरं भरतंय, पाय सुजलेत, असं सांगा.

पैशाची भीती ही खरी भीती आहे, तिच्यावरून हसू नये. इंग्लंडमध्ये पाहुण्यालाही जीपीचा सल्ला आणि ए अँड ईमधले उपचार फुकट असतात. वॉर्डात भरती केलं की मात्र व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला बिल लागतं, आणि ते लहान नसतं. पण तातडीचे उपचार पैशांसाठी अडवून धरता येत नाहीत. बिल नंतर येतं, हप्त्यांची बोलणी करता येतात. ते तसंच थकवलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते, म्हणून दुर्लक्ष करू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना सोरायसिस लिहिला नसेल तर कंपनी हात वर करेल. ‘कातडीचंच तर आहे’ म्हणून फॉर्मवर न लिहिण्याची सवय इथे महागात पडते.

हॉस्पिटलला जाताना सगळी औषधं न्या, ॲलोपॅथीची, आयुर्वेदिक, होमिओपॅथीची, लेबल नसलेल्या पुड्यासुद्धा. आबा ओशाळतील, डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून लपवतील. डॉक्टरला वाईट वाटत नाही, धागा मिळतो.

वॉर्डात सुरुवातीला जे होतं ते पाहून नातेवाईकांची निराशा होते, कारण ते फार साधं दिसतं. उबदार खोली, सलाइन, लघवीचं मोजमाप, संशयित औषध बंद, दिवसातून अनेक वेळा अंगभर मलमाचा जाड थर, ओल्या पट्ट्या, भरपूर प्रथिनांचं जेवण. पण गेलेलं वेष्टन तात्पुरतं परत चढवणं हाच पहिला उपचार आहे. मग कारणानुसार पुढचं. सोरायसिस असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं लवकर काम करणारं औषध, किंवा मेथोट्रेक्सेट, ॲसिट्रेटिन. इसब असेल तर आता डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. सेझारीच्या रुग्णांसाठी एक अजब वाटणारी पद्धत आहे: रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशींवर एका औषधाच्या साथीने अतिनील प्रकाश टाकायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. पॉटरच्या उमेदीच्या काळात यातलं फार थोडं उपलब्ध होतं.

घरी सोडताना पॅराफिन असलेलं मलम देतात. ते कपड्यांत, चादरीत मुरतं, वाळतं, धुऊनही पूर्ण निघत नाही, आणि असं कापड झटकन पेट घेतं. इथे फायर ब्रिगेडवाले सिगारेटबद्दल बजावतात. आपल्या घरात आबा सिगारेट ओढत नसतील, पण संध्याकाळी धोतर-सदऱ्यात देवापुढे बसून निरांजन ओवाळतील. ते काम काही महिने दुसऱ्या कुणाकडे द्या, गॅसजवळचंही.

औषधाने झालेला एरिथ्रोडर्मा औषध थांबवल्यावर साधारण काही आठवड्यांत ओसरतो. सोरायसिस किंवा इसबाचा आटोक्यात येतो, पण पुन्हा येऊ शकतो. लिम्फोमाची वाट वेगळी आणि लांब. त्वचा निवळली तरी सावळ्या अंगावर काळसर-पांढरे डाग महिनोन्महिने राहतात, ते जखमेचे व्रण नसतात, हळूहळू फिकट होतात. सगळ्यात शेवटी नखं. आजार जोरात असताना नखाची वाढ थबकलेली असते, तिथे एक आडवी खाच उमटते, आणि हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर या चालीने ती खाच पुढे सरकवत नेतं. नोव्हेंबरात आजारी पडलेल्या आबांच्या बोटावर ती एप्रिलमध्ये, परतीच्या विमानाच्या सुमाराला, नखाच्या टोकापाशी पोचलेली असेल.